बाया कर्वे : शुश्रूषेचे व्रत, संसाराचे तप

जैन परंपरेत सम्यग्दर्शनाची आठ अंगे सांगितली आहेत. त्यांतील तिसरे अंग म्हणजे निर्विचिकित्सा. देह स्वभावतःच अशुचि आहे हे जाणून रुग्ण वा पीडित देहाविषयी मनात किळस येऊ न देणे, हा तिचा अर्थ. या अंगाचे उदाहरण म्हणून उद्दायन राजाची कथा श्रावकांच्या घरोघरी सांगितली जाते. परीक्षा पाहण्यासाठी व्याधिग्रस्त मुनीचे रूप घेऊन आलेल्या देवाने आहार घेताच वमन केले. दुर्गंधीने सेवकवर्ग दूर पळाला. राजा आणि राणी मात्र जागचे हलले नाहीत. त्यांनी स्वतःच्या हातांनी तो देह धुतला आणि आपल्याच आहारदानात काही दोष राहिला असेल, अशी खंत केली. वैयावृत्त्याला, म्हणजेच सेवाशुश्रूषेला, शास्त्रकारांनी अंतरंग तपांत स्थान दिले ते याच भूमिकेतून.

कथेतील राजाला सारेच धन्य म्हणतात. प्रत्यक्ष व्यवहारात मात्र रुग्णाचे रक्तमांस हाताळणाऱ्याच्या वाट्याला फार काळ धन्यता आली नाही. एकोणिसाव्या शतकातील महाराष्ट्रात बाळंतिणीच्या खोलीत पाऊल टाकणारी सुईण विटाळाची ठरे. तिच्यावाचून कोणत्याही घराचे चालत नसे, पण काम आटोपताच तिला दारातूनच परत पाठवले जाई. अशा काळात पुण्यातील एका नामांकित महाविद्यालयाच्या प्राध्यापकाच्या पत्नीने नागपूर गाठले आणि परिचर्येचे व सुईणपणाचे रीतसर शिक्षण घेतले. उच्चवर्णीय घरांतील स्त्रियांमध्ये हे धाडस करणाऱ्या अगदी प्रारंभीच्या स्त्रियांत त्यांची गणना करावी लागते. त्यांचे नाव आनंदीबाई धोंडो कर्वे. महाराष्ट्र त्यांना बाया कर्वे या नावाने ओळखतो. भारतरत्न महर्षी कर्वे यांच्या पत्नी एवढाच त्यांचा परिचय देण्याची प्रथा आहे. तो परिचय खरा असला तरी अपुरा आहे.

देवरुखची गोदू

बायांचा जन्म कोकणातील देवरुख येथे १८६० च्या दशकाच्या मध्यास झाला. माहेरचे नाव गोदावरी, आडनाव जोशी. वडील बाळकृष्णपंत जोशी यांचे घर सामान्य परिस्थितीतले, माणसांनी भरलेले. त्या काळच्या रिवाजाप्रमाणे गोदूचे लग्न आठव्या वर्षी नातू घराण्यात झाले. विवाहाचा अर्थ कळण्याचे ते वय नव्हते. लग्नाला अवघे तीन महिने होतात न होतात तोच पतीचे निधन झाले आणि आठ वर्षांची ती मुलगी विधवा ठरली.

कायद्याने विधवाविवाहाला १८५६ सालीच मान्यता मिळाली होती. मुंबईत १८६९ साली पुनर्विवाह घडवून आणून सुधारकांनी त्या कायद्याला प्रत्यक्ष रूपही दिले होते. परंतु कोकणातल्या खेड्यात कायद्याचा आवाज पोहोचत नव्हता. तेथे रूढीचे राज्य होते. बालविधवेने सासरच्या घरात राबावे, एक वेळ जेवावे, मंगलप्रसंगी नजरेआड राहावे आणि उरलेले आयुष्य असेच काढावे, हा अलिखित दंडक होता. गोदूने हे सारे माखजन येथील सासरी भोगले. दळण, कांडण, पाणी, गोठा, शेत या चक्रात तिचे बालपण आणि तारुण्याची पहिली वर्षे गेली. या कष्टांनी तिच्या अंगी दोन गुण बाणवले. कोणत्याही कामाची तिला लाज राहिली नाही आणि कोणत्याही प्रसंगाची भीती उरली नाही. पुढील आयुष्यात याच दोन गुणांच्या बळावर बाया उभ्या राहिल्या.

शारदा सदनाचे दार

गोदूचे बंधू नरहरपंत जोशी हे मुंबईत शिकत होते. धोंडो केशव कर्वे हे त्यांचे जिवलग मित्र. आपल्या बहिणीचे आयुष्य असेच वाया जाऊ देऊ नये, या विचाराने नरहरपंतांनी तिला मुंबईस आणले. त्याच सुमारास, ११ मार्च १८८९ रोजी, पंडिता रमाबाई यांनी मुंबईत शारदा सदन सुरू केले. विधवांनी तेथे राहावे, शिकावे आणि स्वतःच्या पायावर उभे राहावे, हा त्या संस्थेचा हेतू. सदनात दाखल झालेली पहिली विधवा विद्यार्थिनी म्हणजे गोदूबाई.

त्या वेळी त्यांचे वय चोविशीच्या आसपास होते. ज्या वयात इतर स्त्रिया चार मुलांच्या माता होत, त्या वयात गोदूबाई विद्यार्थिनी झाल्या. लहान मुलींच्या पंक्तीत बसून शिकताना त्यांना संकोच वाटला असल्यास नवल नाही, पण त्यांनी पाठ सोडला नाही. १८९० साली सदन पुण्यास हलले, तेव्हा गोदूबाईही पुण्यास आल्या. पंडिता रमाबाईंच्या सहवासात त्यांना अक्षरज्ञानापेक्षाही मोलाची एक गोष्ट मिळाली. स्त्रीने आपल्या निर्वाहासाठी कोणाच्या तोंडाकडे पाहू नये, हा विचार त्यांच्या मनात येथेच रुजला.

पुनर्विवाह आणि बहिष्कार

१८९१ साली दोन घटना घडल्या. धोंडो केशव कर्वे हे पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात गणिताचे प्राध्यापक म्हणून रुजू झाले आणि त्यांच्या पत्नी राधाबाई यांचे निधन झाले. मागे रघुनाथ हा मुलगा होता. कर्वे तेव्हा तेहतीस वर्षांचे होते. पुन्हा लग्न करावयाचे तर विधवेशीच, असा त्यांचा निर्धार होता. मित्राच्या बहिणीला ते ओळखत होतेच. वडिलांच्या संमतीने ११ मार्च १८९३ रोजी पुण्यात हा विवाह झाला. शारदा सदनाच्या स्थापनेलाही त्याच दिवशी चार वर्षे पूर्ण होत होती. विवाहानंतर गोदूबाईंच्या आनंदीबाई झाल्या, आणि घरादारात व पुढे समाजात त्यांचे बाया हेच नाव रूढ झाले.

विवाहाचे पडसाद तीव्र उमटले. कर्वे यांचे गाव मुरूड. तेथील गावकऱ्यांनी सभा भरवून नवदांपत्यावर बहिष्कार घातला. कर्वे यांना घरी उतरू दिले तर त्यांच्या आप्तांनाही वाळीत टाकले जाईल, असे बजावण्यात आले. वृद्ध माता आणि वडीलबंधू यांना मुलाशी पंक्तिव्यवहार ठेवता येईना. ज्या घरी नवी सून म्हणून मानाने जावयाचे, त्या घराचा उंबरठाच बायांना दुरावला. पुण्यातही स्थिती फारशी वेगळी नव्हती. पुनर्विवाहित स्त्री म्हणजे विटाळ, तिच्या हातचे पाणी नको, तिच्या घरी जाणे-येणे नको, असा समज सुशिक्षित म्हणविणाऱ्या वस्तीतही प्रबळ होता.

कर्वे यांच्यासाठी हा तत्त्वाचा लढा होता. महाविद्यालयात त्यांना मान होता, सुधारक मित्रांची साथ होती. बायांचा लढा स्वयंपाकघरात, पाणवठ्यावर आणि शेजाऱ्यांच्या बंद दारांशी होता. त्याला व्याख्यानपीठ नव्हते आणि टाळ्याही नव्हत्या.

पाऊणशे रुपयांचा संसार

कर्वे हे विलक्षण त्यागी पुरुष होते. विद्यार्थिदशेपासूनच मिळकतीतील रुपयामागे एक पैसा धर्मकार्यासाठी बाजूला ठेवण्याचा त्यांचा नेम होता. त्यातूनच मुरूड फंड उभा राहिला. डेक्कन एज्युकेशन सोसायटीचे आजीव सदस्य म्हणून त्यांनी अल्प वेतनावर काम करण्याची प्रतिज्ञा केली होती. हे वेतन महिन्याला सुमारे ७५ रुपये इतकेच होते. १८९३ साली त्यांनी विधवाविवाहाच्या प्रसारासाठी मंडळी स्थापन केली आणि १८९६ साली पुण्यात अनाथ बालिकाश्रम सुरू केला. आश्रमासाठी त्यांनी आपली पुंजी तर दिलीच, पण संसाराच्या आधारासाठी उतरविलेल्या आयुर्विम्याचीही तीच वाट लागली.

या त्यागाचे गुणगान महाराष्ट्राने मुक्तकंठाने केले आणि ते योग्यच आहे. तथापि प्रत्येक त्यागाची एक जमाखर्चाची वहीही असते. जो पैसा आश्रमाच्या जमेला पडे, तो कर्वे यांच्या घरच्या डब्यांतून वजा होत असे. रघुनाथ घरात होताच. पुढे शंकर, दिनकर आणि भास्कर हे तीन मुलगे झाले. आप्तांची आणि आश्रयाला आलेल्या विधवांची मुले असत ती वेगळीच. या सर्वांच्या पोटापाण्याचा, आजारपणाचा आणि शिक्षणाचा प्रश्न दररोज बायांसमोर उभा राही. पतीला काही झाले तर या मुलांचे काय, ही चिंता त्यांना सतावीत असे. बहिष्कृत कुटुंबाला नातलगांचा आधारही नव्हता.

अशा वेळी सामान्य गृहिणीपुढे दोन मार्ग असतात. भांडून पतीचा हात धरावा, किंवा नशिबाला बोल लावून गप्प बसावे. बायांचा स्वभाव तडफदार होता. त्या बोलत, रागावत, आपले दुःख लपवीत नसत. परंतु त्यांनी पतीच्या कार्याला खीळ घातली नाही आणि आपल्या मुलांनाही उघड्यावर पडू दिले नाही. त्यांनी तिसरा मार्ग शोधला. शारदा सदनात रुजलेला स्वावलंबनाचा विचार या प्रसंगी कामी आला. आपण स्वतः मिळवते व्हायचे, असे त्यांनी ठरविले आणि त्यासाठी परिचर्येचा व्यवसाय निवडला.

नागपूरची वाट

या निर्णयाचे मोल कळण्यासाठी त्या काळची स्थिती ध्यानात घेतली पाहिजे. युरोपात प्रसूतिशास्त्राने मोठी झेप घेतली होती. व्हिएन्नाच्या रुग्णालयात डॉ. सेमेलवाइस यांनी १८४७ साली दाखवून दिले होते की, प्रसूती करणाऱ्याने जंतुनाशक द्रवाने हात स्वच्छ धुतले तर बाळंतज्वराने होणारे मृत्यू मोठ्या प्रमाणात टळतात. १८६० साली फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांच्या प्रेरणेने लंडनमध्ये परिचारिकांचे विद्यालय निघाले. पुढे १८६७ साली लिस्टर यांनी कार्बोलिक आम्लाचा वापर करून जखमा निर्जंतुक ठेवण्याची पद्धत मांडली. भारतात १८८५ साली लेडी डफरिन यांच्या नावाने निधी उभारला गेला आणि स्त्रियांना स्त्री डॉक्टर, परिचारिका व शिक्षित सुईणी मिळाव्यात यासाठी ठिकठिकाणी प्रयत्न सुरू झाले.

आपल्याकडील घरांत मात्र बाळंतिणीची खोली म्हणजे घरातील सर्वांत काळोखी जागा. हवा येऊ नये म्हणून फटी बुजविलेल्या, शेगडीचा धूर कोंडलेला, अंथरुणाला जुनेर फडके. नाळ कापण्यास हाताला येईल ते पाते, मग ते विळ्याचे का असेना. परिणामी कित्येक अर्भके आठवड्याभरातच धनुर्वाताने जात आणि बाळंतज्वराने तरण्याताठ्या स्त्रिया दगावत. लोक त्याला दैवाचा कोप किंवा दृष्टीचा दोष समजत. पुरुष डॉक्टरला बोलाविणे मर्यादेत बसत नसे. सुईणीजवळ अनुभव असे, पण तिला शिकविणारे कोणी नव्हते. शिकलेल्या घरातील स्त्री हे काम करण्यास धजत नसे, कारण सोयराचा विटाळ आणि लोकापवाद तिला अडवीत.

बायांना लोकापवाद नवा नव्हता. ज्या समाजाने आधीच वाळीत टाकले, तो आणखी काय वाळीत टाकणार? बहिष्काराने त्यांचे पुष्कळ हिरावून घेतले होते; एक मोकळीक मात्र नकळत दिली होती. त्या मोकळिकीचा उपयोग त्यांनी करून घेतला. पुण्याहून शेकडो मैल दूर असलेल्या नागपूरला जाऊन त्यांनी परिचर्या आणि सुईणपण यांचे शिक्षण पूर्ण केले. उशिरा अक्षरे गिरविलेल्या, संसारी, मध्यम वयाकडे झुकलेल्या स्त्रीने परमुलखात राहून नवी विद्या शिकावी, ही त्या काळी अपूर्व गोष्ट होती.

साबणाने हात कोपरापर्यंत धुणे, अवजारे उकळून घेणे, नाळ स्वच्छ साधनाने कापून बांधणे, खोलीत उजेड आणि हवा खेळू देणे, ताप व नाडी पाहणे आणि प्रसंग हाताबाहेर जात आहे हे वेळीच ओळखून डॉक्टरला बोलाविणे, हे त्या विद्येचे सार. आज या गोष्टी साध्या वाटतात. त्या काळी त्यांनीच जीवन आणि मरण यांच्यामधील अंतर ठरत असे. परत आल्यावर बायांनी हे काम केले आणि त्याच्या मोबदल्यातून संसाराला हातभार लावला. आश्रमाच्या वहीत गेलेला पैसा परत मागण्याऐवजी त्यांनी आपल्या हातच्या विद्येने घराची तूट भरून काढली.

पुढे, १९०९ साली, रमाबाई रानडे यांच्या नेतृत्वाखाली पुण्याच्या सेवासदनाची स्थापना झाली आणि ससून रुग्णालयात परिचर्येचे शिक्षण घेण्यासाठी भल्या घरच्या स्त्रियांना पाठविण्याची प्रथा सुरू झाली. तेव्हाही समाजात खळबळ उडाली. त्या वाटेवर संस्थेचे पाठबळ नसताना, एकटीने, अगोदरच पाऊल टाकलेल्या स्त्रियांत बाया कर्वे यांचा समावेश होतो.

आश्रमाच्या उंबऱ्याबाहेर

१९०० साली पुण्यातील प्लेगच्या प्रादुर्भावामुळे आश्रम शहराबाहेर हिंगणे येथे नेण्यात आला. रावबहादूर गोखले यांनी दिलेल्या सहा एकर जमिनीवर प्रारंभी एक झोपडी उभी राहिली. महाविद्यालयाचे काम आटोपून कर्वे रोज पायी हिंगण्यास जात. पावसाळ्यात वाटेवर गुडघाभर चिखल असे. हे दृश्य महाराष्ट्राच्या स्मरणात कायमचे कोरले गेले आहे.

त्या चित्रात बाया दिसत नाहीत. याचे कारण दुःखद आहे. आश्रमात मुली पाठविणारे पालक विधवांच्या शिक्षणापुरतेच तयार झाले होते. पुनर्विवाहाचे नाव काढले तरी ते बिथरत. संस्थेत पुनर्विवाहित स्त्री वावरू लागली तर मुलींवर तोच संस्कार होईल, ही भीती होती. म्हणून कर्वे यांना पुनर्विवाहाची चळवळ आणि आश्रमाचे काम एकमेकांपासून अलग ठेवावे लागले. याची झळ बायांना बसली. ज्या स्त्रीच्या आयुष्याकडे पाहून या कार्याला बळ मिळाले, ज्या स्त्रीच्या घरातील घास आश्रमाच्या ताटात गेला, तिलाच आश्रमापासून चार हात दूर राहावे लागले. विधवांसाठी झिजण्याची तिला उत्कट इच्छा होती आणि शुश्रूषेची विद्याही हाती होती. तरीही कार्याच्या हितासाठी तिने हे दूरत्व पत्करले.

मात्र त्यांनी आपली धाकटी बहीण या कार्याला दिली. पार्वतीबाई आठवले याही तरुणपणी विधवा झालेल्या, पदरी एक मुलगा. बायांच्या घराचा आधार मिळाल्याने त्या पुण्यास आल्या, शिकल्या आणि आश्रमाच्या आधारस्तंभ बनल्या. संस्थेसाठी त्या अमेरिकेपर्यंत जाऊन आल्या. एका बहिणीने उंबऱ्याच्या आत राहून संस्था सांभाळली, दुसरीने उंबऱ्याबाहेर राहून संस्थापकाचे घर सांभाळले. इतिहासाने पहिलीची नोंद ठळकपणे घेतली. दुसरीची नोंद घेण्यास त्याला वेळ लागला.

वटवृक्षाचे मूळ

१९०७ साली महिला विद्यालय, १९०८ साली निष्काम कर्ममठ आणि १९१६ साली महिला विद्यापीठ असे कर्वे यांच्या कार्याचे एकेक शिखर उभे राहिले. १९२० साली सर विठ्ठलदास ठाकरसी यांनी पंधरा लाख रुपयांची देणगी दिली आणि विद्यापीठाला त्यांच्या मातोश्रींचे नाव मिळाले. या काळात घराची बाजू बायांनी पेलली. ती कशी पेलली याची साक्ष त्यांच्या मुलांचे कर्तृत्व देते.

थोरले रघुनाथ हे राधाबाईंचे चिरंजीव. १८९९ च्या मॅट्रिक परीक्षेत ते पहिले आले. १९२१ साली त्यांनी मुंबईत संततिनियमनाचे केंद्र सुरू केले आणि १९२७ पासून अखेरपर्यंत ‘समाजस्वास्थ्य’ मासिक चालविले. वारंवारच्या बाळंतपणांनी स्त्रीचे आयुष्य कसे पोखरले जाते, हा प्रश्न ज्या घरातील पुत्राने ऐरणीवर आणला, त्याच घरातील माता बाळंतिणींची शुश्रूषा करणारी होती, हा योगायोग लक्षणीय आहे. शंकर डॉक्टर झाले आणि पूर्व आफ्रिकेतील मोंबासा येथे त्यांनी लौकिक मिळविला. दिनकर रसायनशास्त्राचे प्राध्यापक आणि फर्ग्युसन महाविद्यालयाचे प्राचार्य झाले. भास्कर यांनी हिंगण्याच्या संस्थेच्या कामाला वाहून घेतले. सुना आल्या त्याही कर्तबगार. दिनकर यांच्या पत्नी इरावती या मानववंशशास्त्राच्या विदुषी आणि ‘युगान्त’च्या लेखिका म्हणून देशभर मान्यता पावल्या. ज्या घराण्यावर गावाने एकेकाळी बहिष्कार टाकला होता, त्याचा असा वटवृक्ष झाला. त्याचे मूळ मातीआड राहिले, एवढेच.

बाया मातीआड राहिल्या तरी मुक्या राहिल्या नाहीत. १९४४ साली ‘माझे पुराण’ हे त्यांचे आत्मकथन प्रसिद्ध झाले. पतीच्या थोरवीबद्दल आदर बाळगूनही त्यांनी आपल्या वाट्याला आलेली ओढाताण, अपमान आणि एकटेपणा यांवर पांघरूण घातले नाही. थोर पुरुषाच्या पत्नीने त्याच्या महतीचा केवळ गौरव करावा, ही अपेक्षा त्यांनी बाजूला सारली. म्हणूनच ते पुस्तक विश्वसनीय ठरले. पुढे १९७२ साली वसंत कानेटकर यांनी कर्वे दांपत्याच्या जीवनावर आधारलेले ‘हिमालयाची सावली’ हे नाटक लिहिले आणि मराठी प्रेक्षकांना त्या सावलीचे स्वतंत्र अस्तित्व जाणवले.

अणुव्रत आणि महाव्रत

जैन आचारशास्त्राने मुनिधर्म आणि श्रावकधर्म यांत विवेकाने भेद केला आहे. मुनी अपरिग्रहाचे महाव्रत घेतो. तो घर सोडतो, म्हणून त्याच्या त्यागाचा भार कोणा अजाण बालकावर पडत नाही. श्रावकासाठी परिग्रहपरिमाणाचे अणुव्रत सांगितले आहे. आपल्या गरजेला मर्यादा घाल, उरलेले दान कर, परंतु आश्रितांचा प्रतिपाळ सोडू नकोस, असा त्याचा आशय आहे. महर्षी कर्वे घरात राहून जवळजवळ महाव्रताच्या वाटेने चालले. त्यांच्या वाट्याचे अणुव्रत बायांनी पाळले. दोघांची वाट एकत्र पाहिली तरच त्या त्यागाचा हिशेब पुरा होतो.

असे उदाहरण एकच नाही. कोल्हापूर जिल्ह्यातील कुंभोज येथे जन्मलेले कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९१९ साली रयत शिक्षण संस्था स्थापन केली. त्यांच्या वसतिगृहातील मुलांच्या पोटात अन्न पडावे म्हणून त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांनी अंगावरचे दागिने दिले आणि अखेरीस मंगळसूत्रही विकले. दक्षिण महाराष्ट्रातील जैन समाज ही आठवण अभिमानाने जपतो. लक्ष्मीबाई १९३० साली निवर्तल्या. संस्थेचा विशाल विस्तार त्यांनी पाहिला नाही. बायांचेही तसेच झाले. १९५० साली त्यांचे देहावसान झाले. पतीला १९५५ साली पद्मविभूषण आणि वयाची शंभर वर्षे पूर्ण होताना, १९५८ साली, भारतरत्न हा सर्वोच्च सन्मान मिळाला. त्या दोन्ही प्रसंगी शेजारची जागा रिकामी होती.

काळाने मात्र बायांना न्याय दिला. हिंगण्याचा तो परिसर आज कर्वेनगर म्हणून ओळखला जातो. आश्रमातून वाढलेली महर्षी कर्वे स्त्री शिक्षण संस्था समाजसेविकांना बाया कर्वे यांच्या नावाने पुरस्कार देऊन गौरविते. ज्या संस्थेत पुनर्विवाहित म्हणून त्यांना वावरता येत नव्हते, तिनेच त्यांचे नाव मानाने शिरी धारण केले. याच संस्थेत आता परिचर्येचे शिक्षणही दिले जाते. महिला विद्यापीठानेही १९६४ साली मुंबईत लीलाबाई ठाकरसी परिचर्या महाविद्यालय सुरू केले. जी विद्या मिळविण्यासाठी बायांना एकटीने नागपूर गाठावे लागले, ती शिकण्यासाठी आज मुलींना पतीच्याच विद्यापीठाचे दार उघडे आहे.

हिरण्यकेशीच्या काठी वसलेल्या गडहिंग्लजसारख्या तालुक्याच्या गावातही आज परिचारिका झालेली मुलगी घराचा अभिमान ठरते. रुग्णालयातील पांढऱ्या वेषाला आता कोणी विटाळ म्हणत नाही. हा बदल आपोआप झालेला नाही. त्यासाठी काही स्त्रियांनी विटाळाचा शिक्का अंगावर घेतला, हेटाळणी सोसली आणि तरीही हात आखडला नाही. उद्दायन राजाच्या कथेतील निर्विचिकित्सा त्यांनी प्रत्यक्ष आचरली.

सुवर्णमहोत्सवाच्या प्रसंगी कोणतीही धर्मादाय संस्था आपल्या संस्थापकांचे, विश्वस्तांचे आणि दात्यांचे स्मरण करते. ते कर्तव्यच आहे. त्यांच्या बैठका रात्री उशिरापर्यंत चालल्या तेव्हा घरी ताट झाकून वाट पाहणाऱ्या, देणगीची पावती फाडली गेली तेव्हा महिन्याचा खर्च पुन्हा मांडणाऱ्या, आजारी सासू-सासऱ्यांची आणि लेकरांची शुश्रूषा करीत पतीला संस्थेच्या कामासाठी मोकळे ठेवणाऱ्या स्त्रियांची नावे मात्र कोणत्याही इतिवृत्तात नसतात. बाया कर्वे यांचे चरित्र त्या सर्वांच्या वतीने उभे आहे. दान देणाऱ्या हाताइतकाच, त्या दानानंतर घर चालविणारा हातही पुण्याचा अधिकारी आहे, ही त्या चरित्राची शिकवण. त्यांच्या पावन स्मृतीस विनम्र अभिवादन.